पाचवा माणूस

निळी रेघ अजून दिसते — फिकट, चहाच्या डागांमधून वाट काढत गेलेली, तुकड्याच्या मधोमध नाही, जरा डावीकडून... आणि चहाचं पातेलं हातात तसंच धरून ती त्या रेघेकडे बघत राहते, बोटं भाजायला लागेपर्यंत. मग पातेलं पटकन परत त्या तुकड्यावरच. जाड लोकरी तुकडा, दोन तळहातांएवढा, कडा काळ्या पडलेल्या. मिलमध्ये याला फेल्ट म्हणायचे. ओला कागद या फेल्टवर बसून रोलांमध्ये दाबला जायचा, मग पुढे सुकायला जायचा. आणि फेल्टमध्ये ही निळी रेघ मुद्दाम विणलेली असायची, फेल्ट सरळ धावतंय की तिरकं ते लांबून कळावं म्हणून. रेघ वाकली की मशीनवरची माणसं सावध व्हायची. हे तिला आप्पांनी सांगितलेलं, तिच्या वडिलांनी, ती शाळेतसुद्धा जात नव्हती तेव्हा. इतर मुलींना बाप पऱ्यांच्या गोष्टी सांगत असतील त्या वयात तिला रोल, वाफ, फेल्ट आणि युनियन. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पऱ्यांपेक्षा युनियन बरी होती, तिच्यात माणसं जास्त होती.

आणि आज संध्याकाळी तीच गोष्ट तिला सांगायची होती — हॉलमध्ये, माइकवरून, सगळ्यांसमोर. कागदाची मिल बंद पडून बरीच वर्षं झाली, आता युनियनही गुंडाळायची, शेवटची सभा. हॉल एक जिमवाला घेतोय. आप्पांनी आणि त्यांच्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहून बांधलेल्या हॉलमध्ये आता तरणीताठी पोरं पैसे भरून वजनं उचलणार... बरं आहे, वजनं उचलण्याची परंपरा तरी राहिली. सरचिटणीस कधीचा मागे लागला होता. त्याला सगळे भोंगा म्हणतात, अगदी त्याच्या तोंडावर, कारण तो कानात बोलला तरी पलीकडच्या घरात ऐकू जातं. "ताई, आप्पांची लेक तुम्ही. इतिहास तुम्हीच सांगायचा. तुमच्याइतकं शुद्ध बोलतंय कोण इथे?" शुद्ध! छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म गेला, दुसऱ्यांच्या चुका काढता काढता चष्म्याचा नंबर वाढला, त्याचं हे बक्षीस.

तिने पहिलं वाक्य मनात जुळवलं. आपल्या युनियनचा इतिहास सुरू होतो तो पगारापासून नाही, पांघरुणापासून. मग 'इतिहास' काढून टाकला — असा शब्द आला की लोक घड्याळाकडे बघतात. आपली युनियन सुरू झाली ती पांघरुणापासून. हं. हे बरं आहे. आप्पा असंच सांगायचे, दारातल्या पायरीवर बसून, बूट काढता काढता: झिजलेलं फेल्ट मशीनवरून उतरवलं की मॅनेजर ते कंत्राटदाराला विकून टाकायचा, आणि इकडे कामगारांच्या घरात थंडीत दातावर दात. फेल्ट म्हणजे अस्सल ब्लँकेट. मग माणसं तुकडे कापून शर्टाच्या आत पोटाला गुंडाळून बाहेर न्यायची. एकाला गेटवर वॉचमनने धरलं. त्याचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी पाळी सुटली तर अख्खी पाळी पोटाला फेल्ट गुंडाळून गेटवर हजर — काडीसारखी माणसं आणि ही एवढाली पोटं — वॉचमन म्हणाला, हे काय? आणि आप्पा म्हणाले, "दिवस गेलेत." वॉचमनला हसू आवरेना, गेट उघडलं, आणि त्या उघड्या गेटातून युनियन बाहेर आली. तिला तो विनोद कळायचा नाही. एकदा आईला जाऊन विचारलं तर आईने पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावून किती वेळ हसत राहिली.

इथवर सगळं छान होतं. इथवर ती झोपेतही सांगू शकली असती. पलीकडच्या खोलीत काका दाढी करत होता — ब्रश वाटीवर आपटल्याचा आवाज, मग पाणी, मग खाकरणं — आणि काल संध्याकाळी तो सहज, भाजी निवडता निवडता म्हणाला होता, "उद्या मीही येतो." कुठे, असं विचारायचीही गरज नव्हती. काका, आप्पांचा धाकटा भाऊ, याच घरात म्हातारा झालेला काका, मोठ्या संपानंतर हॉलची पायरी एकदाही चढला नव्हता. हॉलवरून जायचं नको म्हणून दुकानाला लांबच्या रस्त्याने जायचा. आणि आता म्हणे मीही येतो. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. राग आला, की भीती? — भीतीच असणार, कारण रागावायला काका हा माणूस कधी उपयोगीच पडला नाही.

मोठा संप. त्याचंही वाक्य तयार होतं, पण एक नाही, दोन. संप झाला तो माणसासाठी. एका मशीनवर पाच माणसं असायची, मॅनेजमेंटला चार करायची होती. कागद तुटला — आणि कागद पाळीत केव्हाही तुटायचा — की त्याचं टोक हाताने पुढच्या गरम रोलांमध्ये सरकवून द्यावं लागतं, धावत्या मशीनवर. सरकवणाऱ्याला स्वतःला दिसत नाही की टोक पलीकडे पकडलं गेलं की नाही. ते समोरच्या बाजूला उभ्या असलेल्याला दिसतं. मशीनच्या आवाजात हाका मारून उपयोग नाही, सगळी भाषा हातांची. टोक पकडलं गेलं की समोरचा हात डोक्यावर नेतो, पंजा उघडा — हात काढ. एवढी एक खूण. एक माणूस कमी करायचा म्हणजे ही खूण करणाराच कमी करायचा, म्हणून संप. आप्पा गेटवर उभं राहून हे इतकं सोपं करून सांगायचे की रस्त्याने जाणारी माणसं थांबून ऐकायची. संप लांबला, लांबत गेला, घरातली एकेक वस्तू गेली, आणि एका सकाळी घोषणा चालू असताना काका डबा घेऊन गेटातून सरळ आत गेला. मागच्या वाटेने नाही. समोरून. आप्पांची घोषणा अर्ध्यावर तुटली, उरलेली लोकांनी पुरी केली.

पुढे संप जिंकला. पाच माणसं राहिली.

आणि त्या पाचांतला एक काका.

त्याच्याशी कुणी बोलायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे ठराव नाही, तसंच आपोआप. मशीनवर तर बोलणं नव्हतंच, मग न बोलणार कसं? — तर त्याला खुणा करायच्या नाहीत. त्याने इकडे बघितलं की मान फिरवायची. घरात तर कहरच. एकाच घरात दोघं, "आप्पांना सांग, मोरीचा नळ गळतोय." "काकाला सांग, मला दिसतंय." आणि ती, दोन वेण्यांची, मधल्या दारात उभी, इकडचं तिकडे. आई दोघांची ताटं वाढायची, पण एकाच वेळी नाही. मग एक दिवस दुपारी मिलचा भोंगा — खरा, छतावरचा — अवेळी वाजला, आई चुलीवरचं तसंच टाकून पळाली... काकाच्या उजव्या हाताची दोन बोटं रोलांमध्ये गेली होती. कागदाचं टोक सरकवताना. समोरच्या बाजूला आप्पा होते.

मशीन बंद करायची दोरी आप्पांनीच ओढली म्हणे. दवाखान्यात आप्पाच घेऊन गेले, पाळ्यांमागून पाळ्या बाहेरच्या बाकावर बसून राहिले, आत मात्र गेले नाहीत. आणि नंतर कित्येक संध्याकाळी ते पायरीवर बसून आपला हात उलटासुलटा करून बघत असायचे, गोष्ट न सांगता. तिने त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं. कुणी सांगायला लागलं नाही. आप्पांचा हात तिच्या मनात कायमचा खाली राहिला, मांडीशी, बोटं मिटलेली. शेवटपर्यंत ती त्यांना चहा द्यायची, औषध द्यायची, पण कप त्यांच्या हातात देताना कपाकडे बघायची.

तर दोन वाक्यं. एक — संप जिंकला, पाच माणसं राहिली, धन्यवाद. दुसरं तिने महिनाभर खपून तयार केलं होतं, आणि त्याच्यावर ती खूश होती: काका आत गेला तो फितूर म्हणून नाही. मशीन थंड पडून राहिली की रोल गंजतात, लगदा गाळायची जाळी खराब होते, मग संप जिंकून परत यायचं कशाला, भंगाराला? काका गेला तो मशीन जिवंत ठेवायला. म्हणजे तोही एका परीने युनियनचंच काम करत होता. सगळे सुटतात यात... काका सुटतो, लोक सुटतात. आप्पा नाही सुटत, पण आप्पांचं नाव न घेता पुढे जाता येतं. छापखान्यात एकदा मोठ्या माणसाच्या चरित्रात असंच एक पान गाळून पुढचा मजकूर जोडून दिला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही.

काका टेबलाशी येऊन बसला. गालाला साबण तसाच. डाव्या हाताने कप उचलला — उजवा टेबलाखाली, सवयीने. त्याला कमी ऐकू येतं, मिलमधल्या सगळ्यांसारखं, पण समोर बसून सावकाश बोललं की ओठांवरून कळतं. तिने सावकाश सांगितलं. रोल, गंज, जाळी, मशीन जिवंत ठेवायला गेलेला काका. बोलताना तिला स्वतःलाच जरा भरून आलं.

काका ऐकत राहिला. मग त्याला हसू फुटलं, हसता हसता ठसका लागला, कप खाली ठेवावा लागला.

"मशीन? मशीनला काय धाड भरली होती?"

"मग का गेलास?"

"घाबरलो म्हणून." हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जसं काही साखर कमी आहे असं सांगतोय. "संप मोडेल म्हणून नाही गं. संप संपलाच नाही तर काय, म्हणून. वहिनी तिच्या ताटातलं माझ्या ताटात वाढायची, मला दिसायचं. रोज सकाळी आप्पांच्या मागे उभा राहायचो नि ओरडायचो, आणि आतून पाय नुसते लटपट. एक दिवस पायांनी ऐकलं नाही माझं. तू ते मशीनबिशीन काढून टाक. उगाच मला देव करू नकोस, पेलायचं नाही मला."

तिला रागच आला. महिनाभराची मेहनत! बरं, गालावर साबण घेऊन हा माणूस... तिने पदराने त्याचा गाल पुसला, जरा जोरातच, आणि पुसता पुसता, त्याच रागात, जे या घरात इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते विचारून बसली.

"आणि हात? आप्पांनी खूण केली नाही, हेही काढून टाकू?"

 काकाने उजवा हात टेबलावर काढून ठेवला, फेल्टच्या तुकड्याशेजारी. तीन बोटं. तिने ती रोज बघितली होती आणि कधीच बघितली नव्हती.

"नाही केली?" तो म्हणाला.

"मला काय विचारतोस? तू होतास तिथे."

"होतो. पण मी बघत कुठे होतो?"

"म्हणजे?"

"अगं, बघून बघून कंटाळलो होतो. मी बघायचो, ते मान फिरवायचे. मी बघायचो, ते मान फिरवायचे. शेवटी म्हटलं, गेलात उडत. मलाही मान आहे. तिकडे बघणंच सोडून दिलं मी. आपला कागद बरा, आपला अंदाज बरा. त्या दिवशीही कागदाकडेच बघत होतो." मग बोटांकडे बघत, "केली असेल. नसेलही. मला नाही माहीत."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीस!"

"विचारलं कुणी?"

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. पातेल्यातला चहा निवला होता, वर साय धरलेली. तिला पहिल्यांदा सुचलं ते हे, की आप्पा होते तेव्हा हे का नाही विचारलं — तिने, काकाने, कुणीही — आणि आप्पांनीही का नाही सांगितलं, मी केली होती रे खूण, किंवा नव्हती केली. केली असेल तर एवढं गप्प का राहायचं? की केली, आणि हा बघत नाहीये हे दिसलं, आणि दिसूनही... की त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं, म्हणून तो हात उलटासुलटा. तिच्या मनातला तो खाली राहिलेला हात, मांडीशी, बोटं मिटलेली, ज्याच्यावर ती आजवर चिडत आली होती, तो आता धड खालीही राहीना. तो वर दिसायचा. परत खाली. तिने उगाचच कप विसळायला घेतले.

काका उठला. दारापर्यंत गेला, परत फिरला.

"पाच माणसं म्हणशील ना?"

"म्हणावंच लागेल."

"तेव्हा मला मोज. चांगलं नको सांगू, वाईट नको सांगू. पाचवा मी होतो, एवढं. मोज मला."

एवढं! जणू एवढं म्हणजे काही नाहीच. त्याला मोजायचं म्हणजे पाचवा कोण ते सांगायचं, पाचव्याला खुणा करत नव्हते ते सांगायचं. म्हणजे ज्यासाठी संप केला ती एक खूण, तीच आपण आपल्याच माणसाला — नाही दिली. आपण. आप्पा धरून. आणि हे कुठे सांगायचं तर शेवटच्या दिवशी, जिथे माणसं निदान एक तरी गोष्ट धड झाली होती असं ऐकून घरी जायला येणार. दुपारभर ती इस्त्री करत राहिली. काकाचा शर्ट, मग स्वतःचे कपडे, मग टेबलावरचं कापड, मग इस्त्रीची गरज नसलेले दोन टॉवेल.

हॉलकडे जाताना काका जवळच्या रस्त्याने चालला. मिलच्या भिंतीच्या कडेने. भिंतीतून आता झुडपं निघालीत, गेटला साखळी, साखळीला एवढं मोठं कुलूप, आत चोरण्यासारखं काही नसताना. काका गेटपाशी थांबला नाही, पण चालता चालता त्याने आत बघून डाव्या हाताने हवेत काहीतरी केलं — वाफ कमी, अशी ती खूण. तिला ती येत होती. सगळ्या येत होत्या. आप्पांच्या शेवटच्या आजारात, दोघांचेही कान गेलेले, काका त्यांच्या उशाशी बसायचा आणि दोघं मिलच्याच खुणांनी बोलायचे, दुसऱ्या कुणाला कळू नये असं काही नव्हतंच त्यात: पाणी. वाफ जास्त. चालू. बंद. ती दारातून बघायची, आणि एक खूण दोघांपैकी कुणीही कधी केली नाही हे तिच्या लक्षात यायचं.

दारातच भोंगा. काकाला बघून त्याचा आवाज क्षणभर गेला, जी गोष्ट आजवर कुणी पाहिली नव्हती. "या या, काका, या की! बसा." मग तिला बाजूला घेऊन, त्याच्या मते कुजबुजत: "ताई, संपाचं सांगाल तेव्हा जिंकलो एवढंच घ्या. बाकीचं... कशाला? शेवटचा दिवस आहे, गोड होऊ दे." आसपासच्या लोकांनी वळून बघितलं. ती म्हणाली, बघते. खिडकीपाशी पहिलवान बसला होता, आप्पांच्या मशीनवरचा, त्या पाचांतला काका सोडून एकटाच उरलेला. एके काळी रोल एकटा उचलायचा म्हणे, आता काठीवाचून उठता येत नाही. काका त्याच्यासमोरून गेला. पहिलवानाने मान फिरवली. इतक्या वर्षांनी, बसल्या जागी, खटकन. आणि मग ती फिरवलेली मान घेऊन काय करायचं ते त्याला कळेना, तो तसाच भिंतीकडे बघत बसला, भिंतीवर काही नव्हतं, तसबिरी कालच उतरवल्या होत्या. काका शेवटच्या रांगेत कडेला जाऊन बसला.

तिने सुरुवात केली. पांघरुणापासून. माइक खरखरत होता आणि तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता, आप्पांचा नाही, आईचाही नाही. 'दिवस गेलेत'ला मागे उभी असलेली नातवंडं आणि सुना हसल्या; पुढच्या रांगांतली म्हातारी माणसं जरा थांबून, त्यांना हसताना बघून हसली. यांना ऐकूच येत नाहीये, तिच्या लक्षात आलं. एक शब्दही नाही. ते नुसते बघताहेत. माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे, हातांकडे, जसे आयुष्यभर बघत आले तसे. मग ती हॉलबद्दल बोलली, विटांबद्दल, पिण्याच्या पाण्यासाठी केलेल्या भांडणाबद्दल. आणि संप आला.

"आपण जिंकलो," ती म्हणाली. "मशीनवर पाच माणसं राहिली."

टाळ्या. भोंग्याने सुरू केल्या आणि सगळ्यांनी उचलल्या, पहिलवानानेही, काठी मांडीत धरून. टाळ्या थांबेनात, इथेच थांब असं म्हणत असल्यासारख्या वाजत राहिल्या, आणि थांबता आलं असतं, मान लववून खाली उतरता आलं असतं, कुणी काही म्हटलं नसतं... तिला पुढचं बोलायचं होतं. बोलायचं होतं का? निदान टाळ्या थांबवायच्या होत्या. म्हणून तिने हात वर केला. डोक्यावर, पंजा उघडा.

आणि पुढच्या रांगांतले सगळे हात एकदम मागे आले. झटक्यात, छातीशी, मांडीवर, जिथे जागा मिळाली तिथे. अर्धी टाळी अर्ध्यावर सोडून. पहिलवानाची काठी खाली पडली. मागची तरुण माणसं टाळ्या वाजवतच होती, मग तीही गोंधळून थांबली.  म्हातारे एकमेकांकडे बघेनात.

माझा हात वरच होता. तो खाली घ्यायचा असतो हे मला ठाऊक होतं, पण मी तिथे उभी होते जिथे मी कधीच उभी राहिले नव्हते — आजवर तो दिवस मी नेहमी काकाच्या बाजूने पाहिला, कागदाच्या बाजूने, समोर आप्पांचा तो हात — आणि आता समोरच्या बाजूला मीच. इकडून कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. इकडून फक्त माणसं दिसतात. ती बघताहेत की नाहीत ते हात वर केल्याशिवाय कळत नाही, आणि वर केल्यावर तो किती वेळ तसाच धरून ठेवायचा ते कुणी सांगितलेलं नसतं. आप्पा, जड होतो हो हात... किती दिवसांनी मी त्यांच्याशी बोलत होते, आणि भांडत नव्हते. तुम्ही केला होता का वर? केला असेल तर किती वेळ? मला खरंच विचारायचं होतं. उत्तर काहीही चाललं असतं.

शेवटच्या रांगेत कडेला काका बसला होता. त्याने उजवा हात गुडघ्यावर ठेवला होता, तीन बोटं, सगळ्यांना दिसतील अशी. पुढची सगळी डोकी खाली गेलेली, त्यांच्यावरून तो सरळ माझ्याकडे बघत होता. या वेळी बघत होता.

माइक खरखरत राहिला. मी श्वास घेतला. एक, मी मनात म्हटलं, आप्पा. दोन, पहिलवान.